सूर्य परत आल्यावर सांगायची बातमी

बर्फावर राहून आलेल्या माणसाइतका कंटाळवाणा माणूस जगात दुसरा नसेल. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला विमा एजंट परवडला. त्याला ठामपणे नाही म्हटलं की तो पलीकडच्या पानाकडे तरी वळतो. बर्फवाला वळत नाही. तुम्ही कांदा चिरत असा नाहीतर कुणाला इंजेक्शन देत असा, तो शेजारी उभा राहून सांगणारच, की आम्ही दक्षिण ध्रुवावर असताना असं होतं नि तसं होतं. आणि हे सांगणाऱ्यांचं केंद्र ध्रुवापासून कितीतरी लांब, किनाऱ्याच्या बाजूला असतं. मिरजेत राहून मुंबईत राहतो म्हणण्यापैकी ही गोष्ट. मी मिरजेची आहे, त्यामुळे हे अंतर मला चांगलं कळतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. १९९१ साली कुवेतमध्ये, अहमदी गावाच्या पलीकडच्या वाळवंटात एक संशोधन केंद्र उभं केलं होतं, तिथे अशा तीन बर्फवाल्यांबरोबर मी राहिले. मी नर्स. इराकी सैन्य जाता जाता तेलाच्या विहिरी पेटवून गेलं होतं आणि त्यांचा धूर आमच्या डोक्यावर छत घातल्यासारखा बसला होता. भर दुपारी दिवे लावावे लागत. दोरीवर वाळत घातलेला पांढरा युनिफॉर्म काढायला जावं तर त्यावर काळे तेलकट ठिपके. ऊन पोचतच नसल्यामुळे थंडी वाजायची. कुवेतमध्ये, एप्रिल महिन्यात! हा धूर मोजायला देशोदेशीचे लोक आले, तशी आपल्याकडूनही एक तुकडी आली. तिच्यात मुद्दाम दक्षिणेच्या बर्फात हिवाळा काढलेली माणसं घेतली होती. तिकडे काळोख आणि थंडी, इकडेही काळोख आणि थंडी, तेव्हा हीच माणसं योग्य, असा विचार कुठल्यातरी कचेरीत कुणीतरी केला असणार. अशा विचाराला कचेरीत बढती मिळते.

तुकडीचा प्रमुख पुण्याचा शास्त्रज्ञ. त्याला सगळ्यांनी ‘लीडर’ म्हणायचं, कारण बर्फावर तसं म्हणतात. मी तोंडावर ‘साहेब’ म्हणत असे. इथे लिहिताना नुसतं ‘तो’ पुरे. दाढी बर्फावर वाढवलेली, ती त्याने कुवेतमध्येही तशीच ठेवली होती आणि तिच्यात आमटीतला डाळीचा एखादा तरी दाणा अडकलेला असे. दुसरा रेडिओ ऑपरेटर. तो आंध्रातला, मऊ स्वभावाचा, इतका मऊ की लीडरने हाक मारली की तोंडातला घास गिळायचा विसरे. तिसरा मेकॅनिक. तो जनरेटरशी बोलायचा, माणसांशी नाही, म्हणून त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. यांच्याशिवाय एक केरळचा स्वयंपाकी होता. त्याने बर्फ फक्त फ्रिजमध्ये पाहिला होता, त्यामुळे तो माणसात होता.

माझं काम सोपं होतं. सकाळी सगळ्यांची छाती तपासायची, नळीत फुंकायला लावायचं, डोळे धुवायचे, खोकल्याचं औषध द्यायचं. बाकीचा दिवस त्यांच्या रीतीभाती सांभाळण्यात जाई. पत्र्याच्या पाच-सहा केबिन्स, एका हाकेत सगळ्या येतील अशा. पण एकीतून दुसरीत एकट्याने जायचं नाही; बर्फावर तसा नियम आहे, वादळात माणूस दारासमोर हरवतो. म्हणून मला संडासला जायचं तर स्वयंपाक्याला बरोबर घ्यायचं, आणि त्या बिचाऱ्याने लाजून पाठ करून बाहेर उभं राहायचं. स्वयंपाकघराला ‘गॅली’ म्हणायचं. भांडी पाळीपाळीने सगळ्यांनी घासायची, लीडरनेसुद्धा. ही एक रीत चांगली होती हे मी मान्य करते. फक्त त्याने घासलेली भांडी स्वयंपाक्याला पुन्हा घासावी लागत, आणि त्या दिवशी जेवताना समतेवर भाषण ऐकावं लागे ते वेगळंच.

शनिवारी स्लाइड शो. बाहेर संध्याकाळ व्हायच्या आधीच काळोख, आत केबिनच्या भिंतीवर पांढराशुभ्र बर्फ, आणि हा छडी लावून सांगतोय की हा पेंग्विन कसा मिश्कील होता आणि तो कसा अबोल. माणसांचे स्वभाव ओळखायला त्याला कधी सवड झाली नाही, पेंग्विनचे मात्र बरोब्बर कळायचे. तेच पेंग्विन मी इतक्या वेळा पाहिले की त्यांच्यातल्या दोघातिघांना नमस्कार करायची पाळी आली.

केंद्रावर आल्या आल्या त्याने पहिलं काम काय केलं असेल, तर एक खांब रोवला. बर्फावर असा खांब असतो म्हणे, आपलं गाव कुठल्या दिशेला किती लांब आहे ते सांगणारे बाण ठोकलेला. आमच्या खांबावर पुण्याचा बाण होता, दिल्लीचा होता, ऑपरेटरच्या आग्रहावरून विशाखापट्टणमचा होता, आणि सगळ्यांत वर लाल रंगात दक्षिण ध्रुवाचा.

मी म्हटलं, “साहेब, अहमदीचा पण एक बाण लावा की. आपलं पाणी तिथून येतं.”

तो हसला. “अहो सिस्टर, अहमदी काय, इथेच तर आहे. बाण लांबच्या गावांना लावतात.”

बोलणं लक्षात ठेवण्यासारखं नव्हतं, पण माझ्या लक्षात राहिलं. अहमदी खरंच जवळ होती. केंद्राच्या फाटकापासून सरळ डांबरी रस्ता निघायचा, सुरुंग काढून मोकळा केलेला, आणि त्या रस्त्याने एक पठाण ड्रायव्हर दिवसाआड पाण्याचा टँकर घेऊन यायचा, पाणी सोडायचा, चहा प्यायचा आणि परत जायचा.

त्या अहमदीत माझं हॉस्पिटल होतं. पुढे समुद्राच्या बाजूला फहाहीलमध्ये माझी खोली, आणि त्या खोलीत आपा होती.

आपा रत्नागिरीकडची, खाडीकाठच्या गावातली मुसलमान बाई, आमच्या वॉर्डातली सगळ्यांत जुनी नर्स. नवरा बोटीवर गेला तो परत आला नाही, मूलबाळ नाही. वयाने माझ्या आईएवढी, पण अख्खा वॉर्ड आपा म्हणे म्हणून मीही म्हणायची. ती मला ‘बाय’ म्हणायची. १९९० च्या ऑगस्टमध्ये सैन्य आलं तेव्हा आमच्या बिल्डिंगमधली बरीच बिऱ्हाडं बसमध्ये बसून जॉर्डनच्या वाटेने निघून गेली. आपा राहिली, कारण वॉर्डात हलवता न येण्यासारखे पेशंट होते. मी राहिले, कारण आपा राहिली. यात शौर्यबिर्य काही नाही. शौर्याच्या गोष्टी बसने गेलेल्यांनी सांगितल्या, गावोगावी सत्काराच्या शाली पांघरून. आम्ही दोघी एकाच खोलीत राहिलो, खुबूसची एक भाकरी दोघींत खाल्ली, आणि हॉस्पिटलात जाऊन कामं केली. शिपायांनी दार वाजवलं की आपा दारात उभी राहून क्षय झाल्यासारखी खोकायची. असं काही खोकायची की शिपाई मागच्या मागे जिना उतरायचे. दार लावलं की आम्ही पदर तोंडात कोंबून हसायचो. पुढे तो खोकला खरा झाला.

त्याच दिवसांत तिने आमच्यापुरता एक नियम घातला. वरच्या मजल्यावर नागपूरकडची एक बाई होती. तिच्या नवऱ्याला शिपायांनी नाक्यावर पकडून ठेवलं. हे सगळ्या बिल्डिंगला कळलं, तिला सोडून. बायका म्हणाल्या, बिचारीला कशाला सांगायचं, तिचा जीव जाईल. तो कामावर अडकलाय असं तिला सांगितलं आणि ती रोज त्याच्यापुरता भात जास्त लावत राहिली. आपाला हे समजलं तेव्हा ती डोक्यावरची ओढणी नीट करून तडक वर गेली आणि दारात उभ्या उभ्या तिला सगळं सांगून टाकलं. बाईने हंबरडा फोडला. मग डोळे पुसून आपाला घेऊन नाक्यावर गेली, तिथे रस्त्यात बसून तिने असा आकांत मांडला की शिपाई वैतागले. नवऱ्याला घेऊनच ती परत आली. मारामुळे त्याचा एक कान गेला होता, पण माणूस आला.

त्या दिवशी खोलीत आल्यावर आपा मला म्हणाली, “आयक बाय. आपल्या दोगींत वाईट असंल ता आधी सांगायचा. चाय मग.”

तसंच चाललं. मी ड्यूटीवरून आले की दारातच सांगायची, अमका पेशंट गेला, तमक्याकडे शिपाई आले होते. मग ती पातेलं चढवायची. कधी सांगण्यासारखं वाईट काही नसलं की मी आल्या आल्या म्हणायची, “आपा, चाय.” त्या शब्दावर तिचा चेहरा कसा खुलायचा ते मला आजही दिसतं.

सैन्य गेलं आणि धूर आला. आपाची छाती भरू लागली. रात्र उशांना टेकून बसून काढायची आणि सकाळी म्हणायची, झोप छान लागली. एवढ्यात हॉस्पिटलने मला केंद्रावर पाठवायचं ठरवलं. तिथल्या शास्त्रज्ञांना नर्स हवी होती. मी नको म्हणत होते. आपानेच ढकललं.

“जा गो बाय. तिथं हवा मोजतात ना? आमच्या फहाहीलची पन मोजा म्हनावा. मी मोजून दमली.”

“आणि तुला काही झालं तर?”

“निरोप धाडीन. येशील ना?”

“येते म्हणजे येते.”

मी लीडरला पहिल्याच दिवशी अट सांगितली. आपाला दाखल करावं लागलं तर हॉस्पिटलचा ऑपरेटर संध्याकाळच्या रेडिओवर निरोप देणार, आणि मी पुढच्या टँकरने निघणार. तो म्हणाला, “अर्थात. त्यात काय विचारायचं?” मी त्याच्या शब्दावर विसंबले. माझ्या खात्यात त्याच्याबद्दल तेवढीच एक चांगली गोष्ट जमा होती.

मग रोजचं चाकोरीतलं आयुष्य. सकाळी छात्या, दुपारी दिवे लावून जेवण. ते लोक फुगे सोडत, पंपाने हवा ओढून गोल कागदावर काजळी जमा करत आणि ते काळे कागद डब्यांत घालून परदेशी पाठवत. हवा वाईट आहे हे कळायला मला कागद लागत नव्हता. स्वयंपाक्याने नाक शिंकरलेला रुमाल पुरेसा होता. संध्याकाळी रेडिओची वेळ झाली की मी ऑपरेटरच्या केबिनच्या दारात जाऊन उभी राहायची. त्याचं बोलणं संपलं की तो कानावरचं काढून माझ्याकडे वळायचा. “सब ठीक है, सिस्टर. आपाजी घर पर हैं.” एवढं ऐकलं की मला जेवण जायचं. मध्ये एकदा मी लीडरकडे एका दिवसाची सुट्टी मागितली होती, टँकरने जाऊन टँकरने येईन म्हणून. तो म्हणाला, “हिवाळ्याला बसल्यावर सुट्टी नसते, सिस्टर.” मे महिना चालू होता.

मेमध्येच एकदा जेवताना त्याने बर्फावरची एक गोष्ट सांगितली. त्याच्या तुकडीतल्या एकाचे वडील वारले. बातमी रेडिओवर आली ती हिवाळ्याच्या तोंडावर. पुढचं जहाज उन्हाळ्याशिवाय येणार नव्हतं. मग त्याने आणि याच ऑपरेटरने ती बातमी दाबून ठेवली. मुलगा रोज विचारायचा, हे रोज सांगायचे, घरी सगळं ठीक. काही महिन्यांनी सूर्य परत आला, सगळे बाहेर येऊन नाचले, तेव्हा याने त्याला केबिनमध्ये बोलावलं, आधी चहा दिला, मग सांगितलं. “त्याने मला मिठी मारली हो,” हे त्याने दोनदा सांगितलं. “लीडर असणं म्हणजे काय, तर एकट्याने ओझं वाहणं. बर्फावर ही रीतच आहे. वाईट बातमी सूर्य परत आल्यावर.” मेकॅनिक अर्ध्या जेवणातून ताट उचलून उठून गेला. ऑपरेटर ताटात बघत राहिला.

मी म्हटलं, “आमच्यात वाईट आधी सांगतात, साहेब.”

“बर्फावर वेगळं असतं,” तो म्हणाला, आणि त्याने दही मागितलं.

जून उजाडला. धूर तसाच, पण आता त्याच्याखाली उकडायला लागलं होतं. एका संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे दारात उभी होते. ऑपरेटरने कानावरचं काढलं, पण माझ्याकडे न बघता शेजारी उभ्या असलेल्या लीडरकडे बघितलं. लीडर म्हणाला, “सगळं ठीक, सिस्टर.” त्या दिवसापासून उत्तर तोच देऊ लागला. मला वाटलं, याला आता रेडिओसुद्धा स्वतःच्या तोंडून बोलायला हवा. असल्या माणसाकडून दुसरं काय अपेक्षित असणार?

त्यानंतर त्यांचा सण आला. जूनच्या एकवीस तारखेला, आपल्याकडे दिवस सगळ्यांत मोठा असतो तेव्हा, दक्षिणेला रात्र सगळ्यांत मोठी असते. बर्फावरची सगळी केंद्रं त्या दिवशी मेजवानी करतात, की अर्धा हिवाळा सरला. आता हा सण कुवेतमध्ये जूनमध्ये करणं म्हणजे अकलेचं दिवाळं म्हणायचं, पण लीडरच्या मते सण तो सण. टेबलावर चादर अंथरली. त्याने फोटोसाठी बर्फावरचा तो जाड लाल कोट घातला आणि घामाने निथळत माझ्या शेजारी उभा राहिला. मला त्याला घामोळ्यांची पावडर द्यावी लागली. स्वयंपाक्याने दुधाच्या पावडरीचे गुलाबजाम केले होते, ते लीडरने स्वतः वाढले. माझ्या वाटीत दोन घालून तो थांबला, मग आणखी एक घातला.

“घ्या सिस्टर. तुम्हाला ताकद हवी.”

इतक्या मायेने तो पूर्वी कधी बोलला नव्हता. मी तिन्ही खाल्ले. चांगले झाले होते.

मग वारा फिरला. उन्हाळ्यातला तो उत्तरेचा कोरडा वारा, तिथले लोक त्याला शमाल म्हणतात, एका सकाळी जोरात सुटला आणि त्याने धुराचं छत उचलून समुद्राकडे ढकललं. दहा-अकराच्या सुमारास आकाश निळं दिसलं. मला क्षणभर तो रंग ओळखताच आला नाही. सूर्य आला. सावल्या पडल्या, खांबाची, जनरेटरची, माझी स्वतःची. स्वयंपाकी टोप वाजवत बाहेर आला. मेकॅनिकसुद्धा हसला. मी डोळ्यांवर हात धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, आपा आज गच्चीवर जाऊन बसली असेल, उशा वाळत घातल्या असतील तिने.

तेवढ्यात लीडरने मला हाक मारली. त्याच्या केबिनमध्ये टेबल पुसून ठेवलं होतं. स्टीलच्या मगात चहा आणि बशीत चार बिस्किटं मांडलेली. ऑपरेटर भिंतीकडे तोंड करून उभा.

“बसा सिस्टर. आधी चहा घ्या.”

मी बसले नाही. त्या मगाकडे पाहिलं. बर्फावरची ती गोष्ट त्याने जेवताना सांगितलेली होती, आणि आपाचा नियम मला पाठ होता.

“कधी गेली?” मी विचारलं.

त्याचा हिरमोड झाला. काय बोलायचं ते त्याने मनात घोळवून ठेवलं असणार, ते मधेच तुटलं. मग त्याने सांगितलं. गुलाबजामच्या दिवसाआधीच पहिला निरोप आला होता, की तिला दाखल केलंय, तुम्हाला बोलावतेय. मग दुसरा, की जास्त आहे, लवकर पाठवा. मग तिसरा. तिन्ही निरोप मिळाले असं त्याने ऑपरेटरकरवी हॉस्पिटलला कळवलं होतं, आणि तिन्ही पोटात ठेवले होते.

“मला काय वाटलं असेल याचा विचार करा,” तो म्हणाला. “रोज तुमच्या तोंडाकडे बघून ठीक म्हणायचं. पण केंद्रावर अडकलेल्या माणसाला आधी सांगून काय उपयोग? तो नुसता तळमळतो. ही रीत उगाच पडलेली नाही, सिस्टर.”

बाहेर फाटकाशी टँकर येऊन थांबला होता. पाईप टाकीत सोडल्याचा आवाज येत होता.

“साहेब,” मी म्हटलं, “तिथे जहाज नव्हतं. इथे टँकर आहे.”

त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं. अगदी खरोखर पाहिलं, जणू टँकर तिथे पहिल्यांदाच आला होता. एप्रिलपासून ज्याच्या पाण्याने तो आंघोळ करत होता तोच टँकर. मला वाटतं तोवर तो मनाने बर्फावरच होता, आणि आम्हा सगळ्यांना त्याने बर्फावर कोंडून ठेवलं होतं. तो खोटारडा नव्हता. खोटारडा असता तर कदाचित मी कधीतरी माफ केलं असतं. खोटारड्याला निदान खरं काय ते माहीत असतं. हा भला माणूस होता. मी असल्या भल्या माणसांवर तेव्हापासून थुंकते.

आणि सांगते, त्यानंतरही तो किंचित पुढे झुकून, हात थोडे उघडून उभा राहिला. मी मिठी मारीन असं त्याला वाटत होतं. मी चहाचा मग उचलला, दाराबाहेर रेतीत ओतला, मग परत टेबलावर ठेवला आणि निघाले. माझ्यामागे स्वयंपाकी माझी पिशवी घेऊन धावत आला. एकट्याने बाहेर पडायचं नाही हा नियम तेवढा त्याने पाळला.

टँकरमध्ये पठाण शेजारी गाडी हाकत होता. त्याने विचारलं काय झालं, आणि मी सांगितलं. त्याने स्टीअरिंगवरचा एक हात उचलून कपाळावर ठेवला. “बहन, एक बार बोल देतीं. मैं तो हर दूसरे दिन ख़ाली लौटता था.” दोन्ही बाजूंना काळी पडलेली वाळू होती आणि वर लख्ख निळं आभाळ.

वॉर्डात आपाच्या कॉटवर दुसरी बाई होती. दफन होऊन गेलं होतं. आमच्या वॉर्डातली जुनी आया, तीही कोकणातलीच, मला बघून मॉप टाकून आली. तिने मला बसवलं नाही, पाणीसुद्धा विचारलं नाही. आपाच्या हाताखाली राहिलेली होती, तिला रीत ठाऊक होती. उभ्या उभ्याच तिने सगळं सांगितलं, श्वास कसा लागत होता ते, आणि शेवटी किती वेळ लागला ते.

मग म्हणाली, “तुज्यावर सगल्यांचा राग होता. निरोप पोचला म्हनून तिकडनं कळवलान, तरी तू येत नाय. पोरी म्हनायला लागल्या, ती तिकडं साहेब लोकांत एसीत बसलीय, ती कशाला येतेय. आपानं आयकलान. तोंडावरचा ऑक्सिजन काढलान नि ओरडली त्यांच्यावर.”

“काय म्हणाली?”

“म्हनाली, तिला सांगितला नसंल कुनी. कळला असता तर चालत आली असती ती.”

मी त्या कॉटच्या दांडीला धरून उभी राहिले. कॉटवरची बाई माझ्याकडे बघत होती. आपा बरोबर बोलली होती. सकाळी केंद्रावरून निघाले असते तर दिवस मावळायच्या आत मी चालत पोचले असते. सरळ रस्ता होता, कुठे वळायचंसुद्धा नव्हतं.